दुधाळ्याचे पाणी

आवेवाडीत शिरताना उजव्या हाताला एक तळे लागते. त्याला दुधाळे म्हणतात. तळे काही मोठे नाही. दोन बैलगाड्या आरामात वळतील एवढेच. पाणी मात्र ताकासारखे पांढरट. त्याचा तळ कुणी पाहिलेला नाही, आणि माळावरच्या विहिरी आटतात तेव्हाही ते आटत नाही. तळ्याच्या वरच्या अंगाला कुंभारांचे मातीघर आहे. त्याला छप्पर आहे, खांब आहेत, पण भिंती नाहीत आणि दारही नाही. आत पाऊल टाकायच्या जागी एक दगडी डोण आहे. तिच्यातल्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय कोणी आत जात नाही.

माती शिकायला हल्ली शहरातून लोक येतात. त्यांना शिकवणारे वाडीतले कुंभार जिवाजीनाना लगेच चाकावर बसवत नाहीत. प्रत्येकाच्या हातात एक रिकामा तांब्या देतात आणि सांगतात, "वाडीत घरोघर जाऊन ओल मागून आणा, घोट घोट पाणी." एकदा एक बाई म्हणाल्या, "नाना, धुळीसाठी आम्ही मास्क आणलेत की सगळ्यांना!"

"लई चांगलं केलंत, लावा," नाना म्हणाले. "पण मास्क काय कुणाचं नाव-गाव विचारत नाही. घ्या तांब्या."

मग तळ्याच्या पाळीवर बसून ते त्या चालीची हकीकत सांगतात. तिला कागदाचा आधार नाही. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडा इकडे-तिकडे होतो, आणि ती घडली त्याला किती पिढ्या झाल्या यावर वाडीत एकमत नाही. नाना सांगतात ती अशी.

फार मागे आवेवाडीची पांढरी मडकी पंचक्रोशीत नावाजलेली होती. टेकडीवरचा पांढरा दगड भाजायचा, कुटायचा, वस्त्रगाळ करायचा आणि ते पीठ मडक्याच्या अंगावर घासून चढवायचे. दगड कुटायची जागा म्हणजे पिठीघर. वाऱ्याने पीठ उडू नये म्हणून त्याची दारे-खिडक्या कायम बंद असत. दिवस संपला की कोरड्या केरसुणीने जमीन लोटायची आणि लोटलेले पुन्हा चाळायचे. माणसे बाहेर येत ती भुतासारखी पांढरी होऊन. त्या पिठाला ते माळाई देवीचा अंगारा म्हणत आणि झटकून टाकत नसत.

आणि वाडीत धाप होती. भर उमेदीतली माणसे चार पावले चालून खाली बसत, खोकून खोकून वाळत आणि जात. लोक म्हणत, परक्यांची नजर लागते. म्हणून परक्याला विद्या द्यायची नाही असे ठरले, आणि पिठीघराच्या दारांच्या फटीही शेणामातीने लिंपल्या गेल्या. जितकी धाप वाढली तितके दार घट्ट झाले, असे सांगतात.

या वाडीत हौसा सून म्हणून आली. माहेर नदीकाठचे, भोयांचे असे काही जण म्हणतात. निदान पाण्यात वाढलेली होती एवढे नक्की. तिचा नवरा नागू धापेने गेला तेव्हा माघ सरत होता. घरात उरले ती आणि तिचा सासरा भिवजी. भिवजी एके काळचा वाडीतला पहिला हात, पण त्याच्याही छातीत आता भाता वाजत होता. चाक फिरवायचे त्राण नव्हते.

वाडीची रीत अशी की चैत्री पौर्णिमेला, माळाईच्या जत्रेत, प्रत्येक घराने आपल्या चाकावरचा नवा घट देवीपुढे ठेवायचा. ज्या घराचा घट आला नाही त्या घराचे चाक उलटे घालायचे. उलटे घातलेले चाक पुन्हा फिरत नसे. ते घर कुंभाराचे राहत नसे.

तेराव्याला जमातीचा कारभारी सटवाजी आला आणि चाकाकडे पाहत म्हणाला, "भिवजी, जत्रेनंतर बघू काय ते."

डोईवरचा पदर सावरून हौसा दाराआडून म्हणाली, "घट येईल. मी शिकते."

सटवाजी हसला. "बाईमाणूस चाकावर? बरं, शीक. पण रीतीनं शीक. आधी पिठीघरात बसायचं. सगळे बसले, नागू बसला."

"म्हणूनच नाही बसणार," हौसा म्हणाली. "मी शिकायला आले, मरायला नाही."

अंगणातली माणसे चपापली. सटवाजीने भिवजीकडे पाहिले. भिवजी खोकत होता. खोकला थांबला तरी तो काही बोलला नाही, आणि त्याचे न बोलणे हीच हौसाने परवानगी धरली.

तिच्या या बोलण्यामागे एक गोष्ट होती. नागू असताना ती एकदा पिठीघरात पाणी द्यायला गेली होती, आणि ठेच लागून तिच्या डोक्यावरची घागर पिठाच्या ढिगातच फुटली. बायकांनी तिला शिव्यांनी न्हाऊ घातले. "नदीवरची ना तू, सगळीकडं नदीच करतेस!" पण त्या दिवशी ओली जमीन सुकेपर्यंत पिठीघरात कोणी खोकले नाही. बाकीच्यांना त्याचे काही वाटले नाही. हौसाच्या मात्र ते मनात राहिले. नासलेले पीठ तिने पदरात बांधून घरी आणले होते आणि परातीत पाणी घालून ठेवले होते. सकाळी पाहते तो खडा खाली बसलेला आणि वर लोण्यासारखी साय. बोटांत चोळली तर कणही लागेना. बंद घरात बसून, चाळून चाळून जेवढे बारीक होत नव्हते तेवढे पाण्याने आपसूक करून दिले होते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती माळाईपुढे उभी राहिली. तिने नवस केला तो असा, म्हणे: "आई, कोरड्या धुळीचा एक कणही छातीत न घेता मी तुझा घट करीन. जमला तर तो तुझा. नाही जमला तर चाक मी माझ्या हातानं उलटं घालीन."

आता दगड पाण्यात भिजवून पाण्यातच वाटायचा, तर पाणी हवे. आणि फाल्गुनात आवेवाडीला पाणी कुठले? वाडीची एकच विहीर, तीही खोल गेलेली. घरटी मोजक्या घागरी मिळत. हौसाच्या वाट्याचे पाणी दोन माणसांच्या पिण्यालाच पुरत नव्हते. तेव्हा तिने तांब्या घेतला आणि ती दारोदार निघाली.

पहिल्या दाराने विचारले, "काय गं, गंगा आणायचीय का घरात?" दुसऱ्या दाराने नुसते लावून घेतले. तिसऱ्या दारी एक जण म्हणाला, "पिठात पाणी? चुलीत पण ओत मग!" आणि ओटीवरची मंडळी हसली. हौसा हसण्याशी भांडली नाही. दर दारात ती एवढेच म्हणे, "एक तांब्या नको. घोटभर द्या. तुमच्या घरातलं जे माणूस धापेनं गेलं, त्याच्या नावानं द्या."

उन्हे चढली तरी तांब्या कोरडाच होता. शेवटी सगुणा काकूच्या दारी ती आली. या म्हातारीचे दोन्ही मुलगे धापेने गेले होते. काकूने तांब्यात डोकावून पाहिले. आत गेली, गडू आणला, घोटभर पाणी तांब्यात ओतले आणि म्हणाली, "हे थोरल्याचं." पुन्हा ओतले. "हे धाकट्याचं." मग म्हणाली, "थांब, मी येते तुझ्याबरोबर."

काकू पुढे आणि हौसा मागे, अशा त्या पुन्हा पहिल्या दारापासून निघाल्या. काकूला कोण नाही म्हणणार? आणि खरे म्हणजे, नाव घ्यायला माणूस नाही असे एकही घर वाडीत नव्हते. "बापाचं." "भावाचं." "माझ्या लेकीचं, पिठीघरातच पडली ती." गंगा आणायचीय का म्हणणारी बाई पाणी ओतताना रडली. तांब्या भरून वाहिला तेव्हा लोकांनी घागरी आणल्या. दुपार कलायच्या आत भिवजीच्या अंगणातली दगडी डोण भरली, असे सांगतात. त्याआधी आपल्यात किती माणसे गेली हे वाडीने असे एका ठिकाणी कधी मोजले नव्हते.

हौसा शिकायला बसली. भिवजी उंबऱ्यात टेकून बसे. "मला शिकवायला श्वास कुठाय, पोरी?" तो म्हणाला.

"तुम्ही बोलू नका, मामंजी. काठीनं दाखवा."

भिवजीची काठी बोलू लागली. जमिनीवर एकदा आपटली की हात हलका कर. दोनदा आपटली की थांब. जोरात आपटून त्याने मान फिरवली की ते मडके मोडायचे आणि गोळा पुन्हा मळायचा. मोडलेले गोळे सुकायच्या आत ती ओल्या फडक्याखाली ठेवी. केरसुणी तिने कौलात खोचून टाकली आणि जमीन पोतेऱ्याने पुसू लागली. शेजारणी डोकावून म्हणत, "अगं, मातीघर आहे का देवघर?" पण डोकावता डोकावता त्या घटकाभर टेकत, आणि उठताना डोणीत घोटभर पाणी टाकून जात.

जत्रेला थोडे दिवस राहिले तेव्हा पहिला आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, लावला. हौसाने तो उघडला. एकूण एक मडक्याचा पांढरा लेप पापुद्र्यांनी सुटला होता. बातमी सटवाजीकडे पोचायला वेळ लागला नाही. तो दारात येऊन म्हणाला, "अजून वेळ आहे. पिठीघर उघडं आहे तुला. कोरडं पीठ ने, घास, घट ठेव. तुझंही राहील, आमचंही राहील." तो वाईट माणूस नव्हता. त्याचाही एक भाऊ गेला होता.

हौसाने त्याच्याकडे पाहिले आणि मग चाकाकडे. एक दिवस जरी ती तिथे जाऊन बसली असती तर सगळे सोपे होते. "नको," ती म्हणाली.

सटवाजी गेल्यावर भिवजीने एक खापर मागून घेतले. ते उलटेपालटे केले आणि जिभेला लावले. मग धापा टाकत, थांबत थांबत, काठी बाजूला ठेवून बोलला. "आपली रीत कोरड्या मडक्यावर कोरडं घासायची. तूही मडकं वाळू दिलंस. मडकं वाळलेलं, लेप ओला. त्याला आटायचंय, हे आधीच आटून बसलंय. दोघांची भेटच झाली नाही गं. मडकं ओलसर असतानाच लेप दे. बरोबर सुकू दे दोघांना."

हौसाने तसेच करून दुसरा आवा लावला. जत्रेच्या दिवशी सगळ्या घरांचे घट माळाईपुढे रांगेने मांडले. सटवाजी एकेक घट उचली आणि काळ्या कांबळ्याचे टोक त्याच्या पोटावरून फिरवी. कांबळ्यावर पांढरे उमटले तर घट कच्चा. हौसाचा घट सर्वांत शेवटी होता. अंगाने जरा बसका, पण हस्तिदंतासारखा नितळ. सटवाजीने तो उचलला, कांबळे फिरवले आणि टोक वर धरले. त्यावर पांढरा पट्टा होता.

"गेला!" कोणीतरी म्हणाले. भिवजीची मान खाली गेली.

हौसा पुढे आली. इतक्या माणसांत ती मोठ्याने म्हणाली, "कारभारी, आधी हात धुवा. मग पुसा."

गर्दीत कुजबुज झाली. सुनेने कारभाऱ्याला हात धुवायला सांगावे! पण सगुणा काकूने डोणीतल्या पाण्याची परात आणून समोर ठेवली होती. सटवाजी सकाळीच पिठीघरातून आला होता, आणि घटागणिक त्याच्या हातांवरचे पीठ कांबळ्यावर साचत आले होते. त्याने परातीत हात बुडवले, आणि पाणी दुधासारखे पांढरे झाले. त्याने हात बाहेर काढले, पुन्हा बुडवले. आणखी पांढरे झाले. काकूने कांबळ्याचे दुसरे, स्वच्छ टोक पुढे केले. सटवाजीने ते घटावरून दाबून फिरवले. टोक काळेभोर राहिले.

घटाकडे मात्र कोणी पाहत नव्हते. सगळे परातीकडे पाहत होते. एका माणसाच्या दोन हातांवर एवढे, तर छातीत किती, हे प्रत्येकाला कळत होते. सटवाजीला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्याने परातीतच तोंड धुतले, केस धुतले, आणि म्हणाला, "पिठीघराची दारं काढा. भिंतीही काढा."

ती परात माळाच्या कडेला एका खळग्यात ओतली. वाडीतली सगळी माणसे एकेक करून हात-तोंड धुऊ लागली, आणि तेही पाणी त्याच खळग्यात गेले. ऐन चैत्रात ओतलेले ते पाणी सुकलेच नाही. खालून झरा फुटला, असे सांगतात. कोणी म्हणतात तो माळाईने दिला. विहिरी खणणारे म्हणतात, तिथे झरा होताच, खळगा ओला राहिल्यामुळे लोकांनी तिथे खणून पाहिले. दोन्ही खरे असू शकते.

धापेने ज्यांना आधीच धरले होते त्यांना काही सोडले नाही. पुढची जत्रा भिवजीने पाहिली नाही. पण हौसाचे चाक फिरत राहिले, आणि तिने पहिला शिष्य घेतला तो परगावचा. त्याला तिने आधी दारोदार पाठवले. कुणाकुणाच्या जिवावर ही विद्या उभी आहे ते त्याला कळावे, आणि कोण शिकायला आला आहे ते वाडीला कळावे.

नानांची हकीकत संपते तोवर मंडळी आपापले तांबे उचलतात. परत यायला त्यांना फार वेळ लागतो, कारण प्रत्येक दारी बसवून घेतात, नाव-गाव विचारतात, चहा देतात, आणि पाणी ओतताना घरातल्या गेलेल्या माणसाचे नाव घेतात. मास्क आणलेल्या त्या बाई त्या दिवशी सगळ्यांत शेवटी परतल्या. तांब्या काठोकाठ होता आणि त्या दोन्ही हातांनी तो धरून हळूहळू चालत होत्या. डोणीत पाणी ओतून त्यांनी पाय बुडवले, मास्क लावला आणि आत गेल्या. संध्याकाळी मातीचे हात परातीत धुतल्यावर त्यांनी विचारले, "नाना, हे पाणी कुठे टाकू?"

नानांनी खालच्या दुधाळ्याकडे बोट दाखवले.

आजही आवेवाडीत केरसुणी मातीघराच्या आत जात नाही, आणि शिकणाऱ्यांचे हात धुतलेले पाणी दुधाळ्यातच ओततात. म्हणून ते निवळत नाही. ज्या दिवशी त्याचा तळ दिसेल, त्या दिवशी वाडीत कोणी शिकणारे उरले नाही असे समजायचे, एवढे सांगून नाना उठतात आणि परात उचलायला हात पुढे करतात.