चिटूकचं चाक आणि घाटापलीकडची ताई

घाटाच्या अलीकडे एक बीळ. बिळात राहायचा चिटूक उंदीर. एवढुस्सा! बाळाच्या अंगठ्याएवढा.

घाटाच्या पलीकडे एक बीळ. तिथे राहायची चिटूकची ताई. लग्न झालं नि गेली बिचारी लांब.

चिटूकला ताईची आठवण यायची. जेवताना यायची. निजताना तर फारच यायची.

आज होती भाऊबीज. ताईनं करंज्या तळल्या असतील. ताट घेऊन दारात बसली असेल. संध्याकाळी चंद्रकोर दिसते. तोवर भाऊ आला नाही, तर बहीण चंद्रालाच ओवाळते. रीतच आहे तशी.

"चंद्राला नको गं ताई, मला ओवाळ!"

चिटूक बसला लाल गाडीत. शर्यतीची गाडी हो! निघाला सुसाट.

पण खर्रर्र... खडखड... फट्!

चाकातलं बेअरिंग फुटलं. आतले इवले छर्रे उडाले. टुण टुण टुण, गेले दरीत. आता चाक फिरेना. गाडी हलेना.

चिटूक निघाला लुटूलुटू लुटूलुटू. आला गोलूशेठच्या दुकानात. गोलूशेठ म्हणजे शेणकिडा. गोल वस्तू पारखावी तर त्यानंच!

"गोलूशेठ, गोलूशेठ,
बेअरिंग द्या हो, बेअरिंग द्या!
बेअरिंग माझ्या चाकाला,
चाक नेईल ताईच्या दारी,
ताई बघते वाट माझी!"

शेठनं तीन बेअरिंगं मांडली. चिटूकनं चकचकीत उचललं.

"हेच! यात तोंड दिसतंय!"

"तोंड बघायला आरसा घे," शेठ म्हणाला. "हे फिरव. कान लाव."

खर्रर्र!

"ठेव खाली. आता दुसरं हलव."

लटलट लटलट!

"ठेव खाली. पळणारी गाडी तुझी. घाटात चाक निखळेल. ताईच्या दारी नुसतं चाक पोचेल!"

तिसरं होतं काळपट. चिटूकनं हलवलं. हलेना. फिरवलं. सुंईऽऽऽ!

"हे खरं बेअरिंग! पण कोरडं आहे. आधी एरंडेल आण. मग देतो."

"कोरडंच द्या ना शेठ. ताई वाट बघतेय."

"कोरडं तापेल. पुन्हा फुटेल. तेल आण, जा."

चिटूक निघाला लुटूलुटू लुटूलुटू. आला तेलाच्या घाण्यावर. घाण्याचा बैल बसला होता.

"बैलदादा, बैलदादा,
तेल दे रे, तेल दे!
तेल शेठच्या बेअरिंगला,
बेअरिंग माझ्या चाकाला,
चाक नेईल ताईच्या दारी,
ताई बघते वाट माझी!"

"घाणा फिरवीन. तेल देईन. पण पोटात काही नाही रे बाबा! आधी चारा आण. मग देतो."

चिटूकनं घाटाकडे बघितलं. ऊन उतरत होतं.

चिटूक निघाला लुटूलुटू लुटूलुटू. आला गवताजवळ.

"गवतबाई, गवतबाई,
चारा दे गं, चारा दे!
चारा घाण्याच्या बैलाला,
तेल शेठच्या बेअरिंगला,
बेअरिंग माझ्या चाकाला,
चाक नेईल ताईच्या दारी,
ताई बघते वाट माझी!"

"बघ तरी माझ्याकडे, कशी वाळलेय! आधी पाणी आण. मग देते."

चिटूक निघाला लुटूलुटू लुटूलुटू. आला विहिरीवर.

"विहीरमावशी, विहीरमावशी,
पाणी दे गं, पाणी दे!
पाणी रानातल्या गवताला,
चारा घाण्याच्या बैलाला,
तेल शेठच्या बेअरिंगला,
बेअरिंग माझ्या चाकाला,
चाक नेईल ताईच्या दारी,
ताई बघते वाट माझी!"

"पाणी ढीगभर आहे रे राजा. पण वर कोण ओढणार? आधी रहाट फिरव. मग देते."

चिटूकनं वर बघितलं. विहिरीवर रहाट. जुना, मोठ्ठा.

"रहाटआजोबा, रहाटआजोबा,
फिरा ना हो, फिरा ना!
पाणी रानातल्या गवताला,
चारा घाण्याच्या बैलाला,
तेल शेठच्या बेअरिंगला,
बेअरिंग माझ्या चाकाला,
चाक नेईल ताईच्या दारी,
ताई बघते वाट माझी!"

"कसा फिरू? अंगात वेल अडकलाय. कुरतडायला दात हवेत. बारीक, धारदार."

चिटूकनं इकडे बघितलं. तिकडे बघितलं. कुणी नाही. घाटावर ऊन नाही. चिटूकचे डोळे भरले.

मग त्यानं तोंडात बोट घातलं.

"अरेच्चा! दात तर माझ्याकडेच आहेत!"

कुरतुड कुरतुड, कुरतुड कुरतुड. वेल तुटला!

रहाट फिरला, कुंई कुंई.
विहिरीनं पाणी दिलं, खळखळ.
गवत झालं हिरवंगार, सळसळ.
बैलानं चारा खाल्ला, चरचर.
घाणा फिरला, गरगर.
तेल आलं, टपटप.

शेठनं बेअरिंगला तेल पाजलं. दोघं आले गाडीपाशी. चिटूक हातोडी घेऊन धावला.

"हातोडी ठेव! ठोकलं तर वाया जाईल. हळूच दाब. असं."

खट्ट! बसलं. चाक फिरलं. सुंईऽऽऽ!

गाडी घाट चढली, सुंईऽऽऽ. गाडी वळली, सुंईऽऽऽ. गाडी घाट उतरली, सुंईऽऽऽ.

आभाळात आली चंद्रकोर. दारात उभी ताई. तिनं ताट उचललं.

"चांदोबा, माझा भाऊ काही आला नाही. आता तूच..."

"त्याला नाही! मला! मला!"

ताईनं वळून बघितलं. ताट हललं. ज्योत हलली.

"आलास होय रे, लबाडा!"

ताईनं टिळा लावला. ओवाळलं. करंजी भरवली. मग म्हणाली, "माझी ओवाळणी?"

चिटूकचे हात रिकामे. नुसते तेलकट.

"बस गाडीत," तो म्हणाला.

सुंईऽऽऽ! घाटमाथ्यावर गाडी थांबली. खाली, लांब, एक इवलंसं बीळ.

"ते बघ ताई. आपलं घर."

ताईनं बघितलं. बघितलं आणि बघतच राहिली.

फिरलं चाक, भेटला भाऊ,
ताईच्या करंज्या आपण खाऊ!