काचघराचे पडदे आणि चार मानकरी

तुमच्या-माझ्या पणज्यांच्याही पणज्या पाळण्यात पाय झाडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरावरच्या एका थंड राज्यात एक राणी होती. तिचं माहेर मात्र खाली, दूर समुद्राकाठचं, उबेतलं.

माहेरची रीत अशी, की मुलीच्या लग्नात वरपक्षाकडच्या पाच वडीलधाऱ्या बायकांना विडे द्यायचे, आणि त्यांची पानं मुलीच्या आईने स्वतः लावलेल्या नागवेलीचीच हवीत. विकतची पानं निघाली तर वऱ्हाड मांडवातून उठून जातं. डोंगरावर नागवेल कुठली जगायला? म्हणून राणीने काचेचं घर बांधलं. भिंती काचेच्या, छतही काचेचं. आत वेल लावली, आणि थंडीभर ती अशी माजली की कोणाची दृष्ट लागावी.

मुलीला स्थळ आलं ते त्याच समुद्राकाठचं, आणि लग्न वैशाखात ठरलं. चैत्र लागला तशी काचेतून उन्हाची भट्टी आत शिरली आणि पानांच्या कडा करपू लागल्या. राणीने घाईने व्यापारी बोलावला. त्याने रेशमी पडदे उलगडले, भिंतींचे आणि छताचेही. राणीने भाव केला नाही. मोहरांची थैली सरळ पालथी केली.

"बसवणार कोण?" तिने मग विचारलं.

"ते माझ्याकडे नाही, राणीसाहेब," म्हणत व्यापाऱ्याने गाढवं हाकली.

मग बुरूडवाड्यातली एक बाई आली. बांबूची उंच परांची बांधून तिच्यावर चढायचं, छपरं करायची, हा तिचा धंदा. तिने छताकडे नजर टाकली आणि पडद्यांच्या निम्मी किंमत मागितली.

"निम्मी?" राणी म्हणाली. "अगं, दोऱ्याच तर बांधायच्यात."

"खाली उभं राहून बांधता येत असतील तर आपणच बांधा की. एक बांबू निसटला तर अख्खी काच माझ्या डोक्यात. चढताना डोकं काही मी घरी ठेवून येत नाही."

राणीला ते झोंबलं. रेशमाला मोहरा मोजणं तिला पटत होतं, रेशीम डोळ्यांना दिसतं. पण चढण्या-उतरण्याला मोहरा? आणि तेही दारचे मानकरी जिवंत असताना?

त्या राज्यात राजवाड्याचे पडदे लावण्याचा मान चार घराण्यांचा होता. ते दाम घेत नसत, फक्त नारळ घेत. राणीने बुरुडणीला वाटेला लावलं आणि मानकऱ्यांना बोलावणं धाडलं.

मानकरी आले ते वाजंत्री लावून. पहिली दोरी कोणी बांधायची, यावर जुंपली.

"आमच्या आज्याने थोरल्या महाराजांचा पडदा बांधला, तेव्हा तुमचा आजा गुरं राखत होता," एक म्हणाला.

"राखत होता, कारण तुमचा चोरत होता," दुसरा म्हणाला.

असे रुसवेफुगवे निस्तरत चारी भिंती झाकल्या गेल्या. छताचे पडदे मात्र पेटीतच राहिले.

"आणि छत?" राणीने विचारलं.

थोरल्या मानकऱ्याने कानाला हात लावला. "आपल्या डोक्यावर आमचे पाय? सात पिढ्या नरकात जातील."

"मी बाहेर उभी राहते."

"आपण उभ्या असा वा नसा, घर आपलंच. त्याच्या माथ्याशी पाय नेणं आमच्या मानात बसत नाही." नारळ उचलले, मुजरा केला, गेले.

राणीला तरी समाधान होतं. भिंती झाकल्या, आणि मजुरीची एक मोहर गेली नाही. पण ऊन काय मानपान बघतं होय? ते छतातून सरळ उतरलं. शिवाय भिंतींच्या पडद्यांनी आतला उकाडा आतच कोंडला. वेल शेंड्यापासून वाळत खाली येऊ लागली.

राणीने पडदा सारला, वेल पाहिली, आणि पालखी न मागवता पायी बुरूडवाड्यात गेली.

"बोल, किती?"

"पडद्यांना मोजलेत तेवढे."

"दुप्पट झाले?"

"तेव्हा नुसते पडदे बांधायचे होते. आता मरणाला टेकलेल्या वेलीला धक्का न लावता बांबू न्यायचेत. थांबा अजून, मग काम सोपं होईल. वेलच नसेल."

राणीने मान खाली घातली आणि मोहरा मोजल्या. दिवस मावळायच्या आत छत झाकलं. बुंध्याशी दोन पानं तेवढी हिरवी उरली.

लग्नात राणीने एकच विडा विहिणीपुढे धरला. "विहीणबाई, माझ्या वेलीचा हा एवढाच. बाकीचे विकत घेऊन फसवणार नाही."

विहिणीने काचघराकडे पाहिलं, रेशमाकडे पाहिलं. "वेल जळाली कशी, एवढे भारी पडदे असून?"

"पडदे भारी घेतले. बसवून फुकट घेतले."

विहिणीने विडा घेतला, त्याचे पाच तुकडे केले आणि आपल्या बायकांना वाटले. "खरं बोललीस म्हणून मुलगी घेऊन जाते," ती म्हणाली. "पण चव काही लागली नाही हो."

ती न लागलेली चव राणीच्या मनाला जन्मभर लागून राहिली. पुढे त्या राज्यात मानकऱ्यांना नारळ घरपोच जाऊ लागले, आणि कामाला दाम घेणारी माणसं येऊ लागली.

बोध सरळ आहे: फुकटात राबणारा स्वतःचा मान राखतो, तुमचं काम नाही, म्हणून वस्तूला मोहरा मोजाल, तर ती जागेवर बसवणाऱ्या हातालाही मोजा.