सगुणाबाईच्या पायाचं वर्णन

"...किळसवाणा म्हणू, की बीभत्स?" अच्युतनं विचारलं.

"तुला काय दिसतंय?" गोसावीबाबा म्हणाले.

"तेच तर सांगतोय, बाबा. बीभत्स जास्त नेमकं बसेल. ओंगळ म्हटलं की फार घरगुती वाटतं."

समोर घोंगडीवर सगुणाबाई अर्धी पट्टी सोडलेला पाय पसरून बसली होती. तोंड तिनं भिंतीकडे फिरवलेलं.

भैरवगीर गोसावी म्हणजे त्या डोंगरपट्टीतले जखमांचे वैद्य. चाळीस वर्षं त्यांनी माणसांचे चिघळलेले हातपाय बरे केले. पुढे मोतीबिंदूनं डोळे गेले. नाक म्हणाल, तर उभ्या जन्माची तपकीर ओढून ते कधीच कामातून गेलं होतं. बोटंही थरथरायची, म्हणून उघड्या जखमेला हात लावायचा नाही असा त्यांनीच स्वतःला नेम घालून घेतला होता. तेव्हा मठातली रीत अशी पडली, की शिष्यानं जखम बघायची, मोठ्यानं सांगायची, आणि ते ऐकून बाबांनी उपाय ठरवायचा.

आधीचा शिष्य गावरान गडी होता. 'पिवळं हाय, बोटभर खोल हाय, कालच्यापरीस कमी हाय' एवढंच बोलायचा. तो तीर्थाटनाला गेला आणि चार दिवसांपूर्वी त्याच्या जागी अच्युत आला. सहा वर्षं पाठशाळेत घासलेला माणूस. देह किती घाणेरडा असतो यावर त्यानं शंभर श्लोक रचले होते. ते ऐकून एका इनामदाराला दोन दिवस जेवण गेलं नाही, हे तो भेटेल त्याला सांगायचा. न विचारता.

"पुढं बोल," बाबा म्हणाले.

अच्युतनं उपरणं नाकावरून गुंडाळलं आणि उभ्यानंच मान जराशी वाकवली.

"हिडीस आहे, बाबा. बघवत नाही. लिबलिबीत, गलिच्छ... मांस नुसतं उघडं पडलंय. नरकच म्हणा ना."

"वास?"

"दुर्गंध. असह्य."

सगुणाबाईनं पदर ओढून पायावर घेतला. बाभळीचा काटा मोडल्याचं निमित्त झालं, पण पाय असा चिघळला की नवऱ्यानं तिची खाट गोठ्यात नेऊन टाकली. महिना झाला, तिनं स्वतः त्या पायाकडे बघितलं नव्हतं. पट्टी सुटायला लागली की ती भिंतीकडे वळायची.

बाबांचा चेहरा उतरला.

"चार दिवस तू हेच सांगतोयस... म्हणजे लेप लागू पडत नाही. बाई, ऐकतेस ना? सड वर चढली तर आठ दिवसांत जीव जाईल. डागायला लागेल."

"डागा, बाबा," ती भिंतीला म्हणाली. "असल्या पायाचे काय लाड?"

अच्युतनं धुनीत सळई घातली. ती हळूहळू लाल होत आली. खरं सांगायचं तर अच्युतच्या डोक्यात तेव्हाही एक ओळ जुळत होती. धग आणि घाण यांचा काहीतरी छान मेळ बसत होता.

बाबा चाचपडत पुढे सरकले आणि बाईचा घोटा त्यांनी घट्ट धरला.

"काठापासून सुरुवात कर. एकदा टेकवलीस की हात मागं घेऊ नकोस. अर्धवट डागलं तर जास्त हाल."

"बरं," अच्युत म्हणाला. सळई त्यानं उजव्या हातात उचलली. उरलेली पट्टी त्यानं डाव्या हातानं ओढली. ती चिकटली होती, ओरबाडून निघाली.

"आई गं..." सगुणाबाई कळवळली. "झोंबलं."

बाबांची मान वर झाली.

"काय म्हणालीस? झोंबलं?"

"व्हय, बाबा. आधी दगडावानी हुता पाय, कायबी कळत नव्हतं. कालपास्नं झोंबतोय..."

सडलेलं मांस मेलेलं असतं, ते झोंबत नाही. हे अच्युतला ठाऊक नव्हतं. बाबांना होतं. पण अच्युतचा हात एव्हाना निघालेला, आणि हात मागं घेऊ नकोस असं बाबांनीच बजावलेलं.

"थांब..."

बाबांनी जखमेवर आपला हात पालथा घातला. सळई त्या हातावर टेकली. चर्र झालं.

जळक्या कातडीचा धूर अच्युतच्या तोंडावर आला. सळई कशी पडली, उपरणं कधी गळालं, त्याला कळलंच नाही. तो हादरून बघत राहिला. बाबांच्या तोंडून हुं की चूं निघालं नव्हतं, फक्त ओठ पांढरे पडले होते.

"बाबा, तुमचा हात... किती..."

पुढचा शब्द येईना. शंभर श्लोक रचणारा माणूस, तोंड उघडं टाकून नुसता उभा राहिला.

"हात राहू दे. पाय बघ. खाली बसून बघ."

अच्युत गुडघ्यांवर बसला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याचं तोंड जखमेपासून वीतभर अंतरावर आलं.

"लाल आहे..."

"लाल कसं?"

"ताजं. ओलं. बारीक बारीक दाणे धरलेत. पट्टी ओढली तिथून थेंबभर रक्त येतंय."

"पू?"

"नाही."

"वास?"

त्यानं श्वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"हळदीचा. निंबाच्या तेलाचा. दुसरा... दुसरा काहीच नाही, बाबा."

"कडेला?"

"पातळ गुलाबी कातडी. सगळीकडून आत सरकतेय."

आणि मग त्याला कळलं. हे मांस कालही असंच असणार, परवाही. जे भरून येत होतं, त्याला तो रोज नवा शिव्यांचा हार घालत होता. आणि आत्ता जाळणार होता, जिवंतच.

"बाबा, हा बरा होतोय," तो म्हणाला. "पाय बरा होतोय, बाबा. मला दिसलंच नाही हो... बाबा, ऐकताय ना? पाय बरा होतोय..."

हातावर टरारून फोड आला होता. बाबांनी त्यावर हळू फुंकर घातली.

"मला कशाला सांगतोस?" ते म्हणाले. "पाय तिचा आहे."