लाकडाकडची जागा

पाव्हण्यांनो, माझ्या सुनेकडं असं रागानं बघू नका. ती भिंतीशी उबेला बसलीय आणि मी म्हातारी इथं दाराच्या वाऱ्यात, हे तिचं करणं नव्हे. जपानातल्या या आमच्या बर्फाच्या खोऱ्यात घरोघरी असंच बसतात. घराच्या मधोमध जमिनीत खणलेली चौकोनी चूल, तिच्याभोवती चार जागा. ही दाराकडची जागा चुलीत लाकडं सारायची. इथं पोट भाजतं नि पाठ थिजते. पूर्वी ही जागा सुनेची असे.

फार मागं इथं तोमे नावाची सासू, गोम्पेई तिचा लेक, नुई सून आणि त्यांची तान्ही लेक चियो अशी चार माणसं राहत होती म्हणे. गोम्पेई कोळसा पाडायला डोंगरात गेलेला. त्या साली बर्फ वळचणीला टेकलं होतं.

आमच्यात घरचा विस्तव विझू देणं म्हणजे सुनेनं घराचं नाक कापणं. नुई रोज निजताना चांगले जळते कोळसे निवडून, सकाळपर्यंत धुमसत राहावेत म्हणून, राखेत पुरायची. तोमे मोठी काटकसरी. म्हणायची, "एवढे कोळसे? तुझ्या बापानं डोंगर आंदण दिलाय का गं?" एका रात्री सून निजल्यावर तिनं हळूच राख उकरली नि निम्मे कोळसे काढून, विझवून ठेवले.

सकाळी राख गार. पोर निळी पडायला लागली.

"आई, चुकलं माझं. राखच कमी घातली असंल," नुई म्हणाली.

तोमेच्या तोंडाशी खरं आलं होतं, असं सांगतात. पण ती गप्प राहिली. तेवढंच तिचं पाप.

नुई मडकं घेऊन बर्फाच्या वादळातच वरच्या घरी विस्तव मागायला गेली. तिथली बाई म्हणाली, "वारा पडू दे गं, मग जा."

"लेक गारठंल, काकी," म्हणत ती निघाली.

दुपारी वारा पडला तेव्हा तोमेला ती दारापासून दहा पावलांवर सापडली. अंगातली कापसाची बंडी मडक्याला गुंडाळलेली. मडकं कोमट होतं. आत निखारे लाल होते. नुईत मात्र जीव नव्हता.

त्या विस्तवावर चियो जगली. तोमेनं गावासमोर सगळं कबूल केलं आणि मरेपर्यंत लाकडाकडची जागा सोडली नाही. पुढं चियोसाठी भला घरजावई मिळाला, सात लेकरांनी चूल वेढली, आणि त्या घरचा विस्तव पुन्हा कधी विझला नाही, असं सांगतात.

आजही नवी सून घरात आली की सासू तिला भिंतीशी बसवते, आपली बंडी तिच्या खांद्यावर घालते, स्वतः इथं येऊन बसते आणि चारचौघांत म्हणते, "विस्तव विझला, तर आणायला मी जाईन."

मीही म्हटलंय.