कड्यावरची मोहोळं

फार जुनी गोष्ट. एका उंच कड्याच्या पायथ्याशी भोपळे पिकवणारं एक गाव होतं. भोपळे द्यावेत आणि वर्षाचं धान्य आणावं, असा तिथला रिवाज. त्या गावात ठमाबाईचे भोपळे सगळ्यांत मोठे. एक उचलायला दोन माणसं लागत.

कड्यावर आग्या मोहोळं लटकलेली असत. एकदा माश्या उठल्या आणि पाटलांचा बैल दगावला. पाटलांनी गाव गोळा केलं. माती आपली, पाणी आपलं, कष्ट आपले, माश्यांवाचून काय अडतंय, असं ते म्हणाले. ठमाबाईला ते पटलं. पेटता टेंभा घेऊन तीही मोहोळं जाळायला कड्यावर गेली. एकही मोहोळ उरलं नाही.

पुढच्या हंगामात वेल असे माजले की बांध दिसेना. फुलंही भरभरून आली. पण फुलामागचा सुपारीएवढा भोपळा चार दिवसांत पिवळा पडून गळायचा. कोणी खत वाढवलं, कोणी नवस बोललं. गळ थांबेना. कणग्या रिकाम्या होऊ लागल्या.

एका सकाळी ठमाबाई वेलांत जाऊन बसली. मळा मुका होता. पूर्वी याच वेळी इथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, एवढी गुणगुण असायची. ती चरकली. मागे भोपळा नसलेलं एक फूल तिने तोडलं. आत पिवळी धूळ होती. माश्यांच्या अंगाला हीच धूळ चिकटलेली तिने कितीदा पाहिली होती. तिने ते फूल भोपळेवाल्या फुलात अलगद फिरवलं. मग दुसऱ्यात, तिसऱ्यात. ऊन चढून फुलं मिटेपर्यंत जेमतेम चाळीस झाली आणि तिची कंबर धरली.

आठवड्याने त्यांतले तीसेक भोपळे टिकून फुगले होते. बाकीच्या मळ्यात एकही नव्हता.

तिने पाटलांना आणि गावाला बोलावून ते दाखवलं. "पाटील, आपण ज्यांना जाळलं, त्या आपल्याच मळ्यात राबत होत्या," ती म्हणाली. "टेंभा माझ्याही हातात होता."

पाटील वेलापाशी खाली बसले आणि म्हणाले, "कसं करायचं ते दाखव."

सारं गाव रोज पहाटे मळ्यात राबू लागलं. निम्मं पीक हाती लागलं आणि गाव तगलं. कड्यापाशी कोणी आग न्यायची नाही, गुरंही तिकडे चारायची नाहीत, असं ठरलं. दोन वर्षं कडा उघडाच राहिला.

तिसऱ्या वर्षी ठमाबाई वाकून फुलं फिरवत असताना कानाशी गुणगुण झाली. समोरच्या फुलातून एक माशी बाहेर आली, अंगभर पिवळी. ठमाबाईने मान वर केली. कड्यावर सात मोहोळं लटकत होती. तिच्या हाकेसरशी अख्खं गाव धावत आलं.

त्या वर्षी भोपळ्यांना गाड्या पुरल्या नाहीत. पहिला भोपळा वाजतगाजत कड्याच्या पायथ्याशी नेला, आणि तो पाटलांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला होता.

तात्पर्य: आपल्या प्रत्येक घासात आपल्याला न दिसणाऱ्या कितीतरी जिवांचे कष्ट असतात; त्यांना जपलं, तरच आपण जगतो.