तिरप्या रांगांची मशीद

कसबे नांदरखेडच्या मोठ्या मशिदीत शिरलेला पाहुणा आधी वर घुमटाकडे बघतो, मग खाली बघतो आणि बुचकळ्यात पडतो. घुमट असा की आसपासच्या चार जिल्ह्यांत त्याला जोड नाही. आणि फरशीवर नमाजाच्या रांगांसाठी कोरलेल्या रेषा मात्र समोरच्या भिंतीशी तिरप्या, उजवीकडे वळलेल्या. मशिदीची देखरेख करणारे यासीनचाचा अत्तार पाहुण्याला थोडा वेळ तसाच राहू देतात. मग सांगतात.

ही मशीद दाऊद गवंड्याने बांधली, असे सांगतात. किब्ल्याची, म्हणजे मक्केची दिशा यंत्र लावून दाखवणारे एक विद्वान विजापुराहून यायचे होते. ते वाटेत तापाने पडले. पायाचा दिवस तर ठरलेला. दाऊद म्हणाला, मक्का पश्चिमेला आणि सूर्यही पश्चिमेलाच बुडतो, त्यात विद्वानाचे काय काम? दिवाळी नुकतीच सरली होती. त्या संध्याकाळी सूर्य जिथे बुडाला त्या रोखाने त्याने दोरी ताणली आणि खुंटी ठोकली. विद्वान काही आले नाहीत; बरे झाल्यावर त्यांना म्हणे दुसरीकडचे बोलावणे आले.

सहा वर्षे गेली. ज्येष्ठात दाऊद घुमटावर कळस बसवायला चढला. काम आटोपले तेव्हा सूर्य बुडत होता. पण भिंतीच्या रोखाने नव्हे, पार उजवीकडे, टेकडीआड. म्हणजे सूर्य बुडण्याची जागा ऋतूगणिक सरकते, आणि दिवाळीनंतरची ती जागा खऱ्या पश्चिमेच्या बरीच डावीकडे होती. सहा वर्षे दाऊदने मान खाली घालून दगड पाहिले होते. आभाळाकडे बघायला सवड झाली नव्हती.

खाली उतरून त्याने कान्हू पाथरवटाला सांगितले. खांबांवरची सगळी वेलबुट्टी कान्हूच्या हातची. मशीद बांधवून घेणाऱ्या सुभेदाराने मागे दुसऱ्या एका गवंड्याची वेस बोटभर कलली म्हणून जमीनदोस्त केली होती, हे दोघांनाही ठाऊक होते.

"म्हणजे आपली मशीद बघते तरी कुठे?" कान्हूने विचारले.

"हबसाणाकडे. हबशांच्या मुलखाकडे."

"तिकडेही माणसंच राहतात, दाऊदमियाँ. सहा वर्षं कुणाला कळलं नाही, पुढेही कळायचं नाही. माझे खांब पाडायला लावू नकोस."

"मला कळलंय ना, कान्हू."

तीन दिवस दाऊद जेवला नाही म्हणे. चौथा दिवस शुक्रवार. पहिल्या नमाजाला सारा कसबा लोटला. सुभेदार पहिल्या रांगेत बरोबर मधोमध. दाऊद उठला आणि सर्वांदेखत म्हणाला, "भिंत चुकली आहे. चूक माझी. दगडांची नाही, आणि पाथरवटांची तर नाहीच."

सुभेदाराने वर घुमटाकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ दारात उभ्या असलेल्या कान्हूलाही कळला. तेवढ्यात म्हातारे काझी उठले. उजवीकडे किती, एवढेच त्यांनी विचारले. दाऊदने हात करून दाखवला. काझींनी आपली चटई तेवढी फिरवली.

"भिंतीला वळता येत नाही," ते म्हणाले. "आपल्याला येतं."

एकेक करत रांगा वळल्या. सुभेदारालाही वळावे लागले, आणि वळल्यावर तो नेमका एका खांबामागे आला. नमाज संपेपर्यंत त्याचा राग ओसरला, की काझींपुढे त्याचे काही चालले नाही, यावर गावात अजून दोन मते आहेत. घुमट मात्र राहिला. फरशीवरच्या रेषा कान्हूनेच कोरल्या. दाऊदला काझींनी शिक्षा फर्मावली, ती अशी: कसब्यात कुणी पाया घालायला घेतला की त्याने तिथे जाऊन आधी आपली चूक सांगायची. दाऊद मरेपर्यंत सांगत राहिला. त्याच्यामागे बाकीचे गवंडी आपापली सांगू लागले.

आजही नांदरखेडात घर असो, देऊळ असो की शाळा, पाया घालण्याआधी गवंडी मशिदीच्या अंगणात उभा राहून मागच्या कामातली एक चूक मोठ्याने सांगतो. काहींना त्यातली एक निवडणे जड जाते. हल्ली शहरातून ठेकेदारही येतात. त्यांच्या हातून आजवर एकही चूक झालेली नसते. त्यांना गाव चहा पाजते आणि परत पाठवते.