पंख्याची हवा

घरात बसून विमान उडवायची टूम निघाली, त्या काळातली गोष्ट. दिगंबरराव लोंढ्यांनी त्यासाठी कॉम्प्युटर बांधायला घेतला. चार दुकानं हिंडून, पारखून पारखून त्यांनी पडद्यावर आभाळ दाखवणारं कार्ड आणलं. ते कार्ड गार ठेवणारा पंखा मात्र शेवटी घेतला. "कुठलाही द्या," म्हणाले.

ते 'कुठलाही' पंख्याच्या जिव्हारी लागलं. कॉम्प्युटरच्या पेटीत कार्डाशेजारी बसल्यावर तो कुरकुरला, "काय कार्डबाई, घरात सगळी हवा तुमचीच."

"जळू नका भावजी," कार्डबाई हसली, "तापायचं काम माझं आहे."

पंखा आणखीच जळफळला. विमान डोंगरावर आलं आणि तो मुद्दाम थांबला. कार्डबाई भाजून निघाली, पडदा काळा झाला, विमान गेलं. हिचा तोरा उतरला, म्हणून पंखा मनात हसला.

दिगंबररावांनी पेटी उघडली, तसा बोटाला चटका बसला; पंखा बंद पडलेला दिसला. मापासाठी म्हणून त्यांनी पंखा काढून पिशवीत टाकला आणि दुकान गाठलं.

"कुठलाही नको," ते दुकानदाराला सांगत होते. "याच्याच जिवावर विमान उडतं. पंखा चांगला हवा."

जन्मभर ऐकायचं होतं ते पंख्यानं पिशवीतून ऐकलं. पण ते आता नव्यासाठी होतं.